मधली जागा माझी

मी, एर्सिलिया विटोलो, कै. साबिनो विटोलो याची बायको, वय एकसष्ट, राहणार न्यूअर्क, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. वकिलाचा मसुदा मी परत केला. त्यात मला 'मयत' म्हटलं होतं, आणि मी त्याच्यासमोर बसून कॉफी पीत होते.

१. राहतं घर मुलगी एल्विरा हिला. अट खाली आहे. आधी वाचावं, मग रडावं.

२. शिवणयंत्र नात रोझान हिला. टोमॅटोच्या भरलेल्या बरण्या शेजारीण अ‍ॅग्नेस डॉइल हिला. माझं मोठं पातेलं तिने अजून परत केलेलं नाही, तेही तिलाच. बँकेतल्या पैशातून माझी मयत करावी. फुलं नकोत.

३. माझी धाकटी बहीण नुन्झिया हिची शिंगाची फणी साबिनोने शेवटपर्यंत खणात जपली. ती कोणालाही देत नाही. चुलीत घालावी.

आता अट.

घड्याळाच्या तबकड्या रंगवायच्या कारखान्यात मी आणि नुन्झिया एकदमच लागलो. कुंचला ओठांत धरून टोक काढायचं आणि अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या रंगाने आकडे भरायचे, अशी तिथली रीत. मला त्या चवीने उलटी झाली. देखरेखीच्या बाईने मला खोकी बांधायला पाठवलं. नुन्झिया मात्र गुणाची. उरलेला रंग दातांना लावून ती नाचाला गेली. दिवे मालवले तशी ती हसली, आणि त्या हसण्यावर साबिनो भाळला. मी त्याच भिंतीशी उभी होते.

मग तिचा जबडा सडायला लागला. तपासायला डॉक्टर आला. आधी म्हणाला, नाहीतर कपड्यांवरची रेडियमची धूळच मोजली जाईल. म्हणून तिला न्हाऊ घातलं, केस धुतले, कोरा झगा दिला. श्वास तपासायला नळीतून बाटलीत फुंकर मारायला लावली. मग तिला एका पेटीसमोर बसवलं. पेटीत सोन्याचं पातळ पान होतं. वीज भरली की ते ताठ उभं राहायचं, आणि समोरच्याच्या अंगात रेडियम असलं की भराभर खाली यायचं. नुन्झियासमोर ते आलंच. माझ्यासमोर जागचं हललं नाही.

"ताई, तू सुटलीस गं," नुन्झिया म्हणाली.

साबिनो तिची पर्स धरून उभा होता. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. खरं सांगते, तेव्हा मला वाटलं, ते मेलं पान माझ्यासमोरही पडायला हवं होतं.

डॉक्टरने मग मला तिच्या आणि पेटीच्या मध्ये बसवलं. पान रेंगाळलं. "बघा, अंगाआड अंग आलं की किरण अडतात," तो म्हणाला.

तेवढ्यात मागून साबिनो म्हणाला, "एर्सिलिया, सरक ना जरा. ती दिसत नाही."

ती गेली. पुढच्या वर्षी त्याने माझ्याशी लग्न केलं. नवरा वाईट नव्हता. पण दर ईस्टरला आधी तिच्या थडग्यावर जायचा, मग घरी येऊन म्हणायचा, "जेवायला काय आहे?"

वडिलांनी ओळीने तीन जागा घेतल्या होत्या. पहिल्या जागेत नुन्झिया आहे. मरताना साबिनो एल्विराला म्हणाला, "मला दोघींच्या मध्ये ठेव." मी त्याला तिसऱ्या जागेत पुरलं.

एल्विरा अजून म्हणते, "आई, बाबांची शेवटची इच्छा होती. तू गेलीस की त्यांना मध्ये घेते. मेलेल्या बहिणीवर काय जळतेस?"

जळते. ती चोवीस वर्षांचीच राहिली, आणि त्याचे पायमोजे मी शिवले.

तर अट अशी: मला मधल्या जागेत पुरावं आणि साबिनोला हलवू नये. हलवल्यास घर चर्चला जाईल, आणि फादरला मी तसं सांगून ठेवलं आहे. रेडियम हाडांत शेकडो वर्षं राहतं, असं डॉक्टर म्हणाला होता. राहू दे. तिचे किरण साबिनोकडे जायचे असतील तर माझ्या अंगातून जातील. या वेळी मला कोणी सरक म्हणू नये.

वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.

एर्सिलिया विटोलो

आम्हा दोघांदेखत सही झाली:
पास्क्वाले चेर्बोने, पाववाला
अ‍ॅग्नेस डॉइल, शेजारीण (पातेलं उद्या आणून देते)

न्यूअर्क, न्यू जर्सी
९ मार्च १९६२