ऊसपेर पैंजण

प्रिय अपूर्वा,

तू बरी असशीलच. दिल्लीत एसीत बसून देशादेशांचे करार लिहिणाऱ्यांना काय धाड भरली आहे? इथे हुपरीत मात्र बाबासोनं कारखान्याला कुलूप लावलं. उसाच्या पेरांसारख्या कड्यांचे त्याचे चांदीचे पैंजण आता परदेशात एका कंपनीच्या यंत्रावर बनतात आणि कोल्हापूरच्या गुजरीत सराफांकडे येऊन पडतात. तुमच्या नव्या करारानं त्यांच्यावरचं आयातशुल्क उठलं. एकमेकांच्या कारागिरीला संरक्षण देण्याचं कलमही त्यात आहे म्हणे. मी ते तीनदा वाचलं. नन्सनी छडी मारून शिकवलेलं सगळं इंग्रजी लावलं, तरी त्यात बाबासो कुठे सापडला नाही.

हुपरीची रीत तुला ठाऊक आहे. तार एका घरी ओढायची, कड्या दुसऱ्या घरी जोडायच्या, घुंगरू तिसऱ्या. नवा नमुना चार उंबरे हिंडणारच, लपवणार कुणापासून? पण विचारल्याशिवाय दुसऱ्याचा नमुना कुणी करत नाही. म्हणून मी त्याचा नमुना सरकारदरबारी नोंदवायचं काढलं तेव्हा बाबासो हसला. "बाई, माझी कडी अख्ख्या आळीला म्हाईत हाय की! कागुद कशाला?" मीच हट्टाला पेटले. अर्ज मी लिहिला. पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. असा अर्ज गावात कुणाच्या बापानं लिहिला नसेल, अशा तोऱ्यात होते.

तो फेटाळला गेला. मग त्या परदेशी कंपनीला अडवणार कोण? बाबासोची बायको सीताबाई घरी कड्या जोडायची. आता पेठ वडगावला एका दुकानात पुड्या बांधते. परवा म्हणाली, "हाताला काम हाय बाई, बोटांस्नी न्हाय." बाबासो गावभर सांगतो, सरकारनं आपल्याला विकलं. मी मान डोलावते. तुलाही फोनवर दोनदा नाही नाही ते बोलले.

आता खरं लिहिते. फेटाळल्याचं पत्र इंग्रजीत आलं, म्हणून ते फक्त मी वाचलं. नमुना आधीच प्रसिद्ध झाल्यामुळे नोंदणी देता येत नाही, असं त्यात होतं. प्रसिद्ध मीच केला होता. अर्जाच्या आठ महिने आधी एका प्रदर्शनात परदेशी व्यापाऱ्यांना वाटायला मी पुस्तिका छापली; कडी कशी वळते, माप किती, सगळं फोटोंसकट. अर्जात 'पूर्वी प्रसिद्ध झाला आहे का' यापुढे मी ठळक 'नाही' लिहिलं. पुस्तिका वाटणं म्हणजे प्रसिद्ध करणं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सोमवारी बाबासो सगळे कागद घेऊन तुझ्याकडे निघतोय. बाईंची भाची दिल्लीत आहे, ती काहीतरी करेल, अशी त्याची समजूत. मी त्याला थांबवलं नाही. कागद पाहताच तुला कळेल, आता काही होण्यासारखं नाही. त्याला ते सांग, आणि कुणामुळे तेही सांग. मला त्याच्यासमोर सांगता आलं नाही.

तुझीच,
मोना आत्या