उभ्या गाडीतली खडखड

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. घरातल्या कुणाच्या प्रकृतीबद्दल हे पत्र नाही, गाडीच्या प्रकृतीबद्दल आहे, तेव्हा घाबरू नकोस.

बाबांची हिरवी टू-सीटर खडखडायला लागली आहे. पळताना नाही, उभी असताना. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, आणि गिअरच्या दांड्याच्या बुडाशी कुठेतरी पत्र्याच्या डब्यात चमचे हलवावेत तसा आवाज. जरा रेस केली की बंद. रविवारी धुवायला म्हणून मी ती बाहेर काढली तेव्हा प्रथम ऐकला. बाबांना सांगितलं तर म्हणाले, माझ्या हातात कधी वाजली नाही, तुझे कान तपासून घे.

मी मिस्त्रींना घरी बोलावलं. बाबा स्वतः चाकामागे बसले, गाडी सुरू केली, आणि ताई, गाडी गाढ झोपलेल्या मांजरासारखी शांत! मिस्त्रींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चहा पिऊन निघून गेले. ते गेल्यावर मी बसलो, तर पुन्हा खडखड.

मला मिस्त्रींचाच संशय येतो. दीड वर्षापूर्वी क्लचचं काम त्यांनी केलं होतं. नवं सांगून जुनं काही आत घातलं नसेल कशावरून? बाबांशी त्यांचं गूळपीठ आहे, त्यामुळे बोलायची सोय नाही. तू गिअरबॉक्सच्या कारखान्यात दिवसभर आवाजच तपासतेस. मी चष्मे विकणारा माणूस, मला अंधुक आणि स्पष्ट एवढंच कळतं. काय करू ते कळव. बाबा दर शनिवारी आमच्या छोटीला पोहायला याच गाडीतून नेतात, म्हणून जिवाला घोर आहे.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.

तुझा,
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, आणि कान पिळायला मी तिथे नाही म्हणून तेवढं राहिलं.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघांना वाचून दाखवलं. दोघांचं मत माझ्यासारखंच पडलं. एकाच्या हातात गाडी गप्प बसते आणि दुसऱ्याच्या हातात बोलते, तेव्हा बघायचं ते चालवणाऱ्यांकडे. मिस्त्रींवर घसरण्याआधी खरं सांग, तू ती फक्त धुवायलाच बाहेर काढतोस ना? बाबा दुपारी झोपले की चौकापर्यंत एखादी चक्कर? मला तुझा दाट संशय आहे.

असो. आधी सायलेन्सरवरचा पत्रा गाडी थंड असताना हाताने हलवून बघ. सैल असेल तर तोच वाजतो आणि लोक उगाच गिअरबॉक्स उघडून बसतात. तो घट्ट असेल तर गाडी सुरू करून न्यूट्रलला ठेव, क्लचवरून पाय पूर्ण काढ आणि ऐक. मग पेडलवर पायाचा नुसता भार दे, दाबू नकोस, आणि ऐक. मग पूर्ण दाबून ऐक. तिन्ही वेळा काय ऐकू आलं ते जसंच्या तसं लिही, त्यात स्वतःची मतं घालू नकोस.

आमच्या भावजयीला सांग, तिनं पाठवलेला स्वेटर मला दोन्ही बाजूंनी मोठा होतो, पण उबदार आहे. छोटी आता पाण्यात नाक बुडवते का? बाबांची तब्येत कशी आहे ते तू लिहिलंच नाहीस. गाडीच्या पत्रात बापाला एक ओळ मिळू नये?

माया आहेच, ती गृहीत धरू नकोस.

ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. घरात सध्या कुणी कुणाशी धड बोलत नाही, आणि त्याचं श्रेय तुझ्या चाचणीला आहे.

पत्रा घट्ट निघाला. पाय पूर्ण काढला की खडखड. पेडलवर नुसता भार दिला की एकदम चिडीचूप. पूर्ण दाबला की बारीक घरघर. हे मी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये त्यांच्यासमोरच करून दाखवलं. त्यांनी लगेच सांगितलं, क्लच दाबताना पुढे सरकतं ते बेअरिंग झिजून ढिलं झालंय. मोकळं असलं की वाजतं, जरा भार आला की गप्प बसतं. मी विचारलं, दीड वर्षात कसं झिजलं? तर म्हणाले, कुणीतरी सतत क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतंय. आणि माझ्याकडे बघत राहिले!

तिथपर्यंतही मी गिळलं असतं. पण बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी आयुष्यभर गाडी शिकवायचा वर्ग चालवला, अर्ध्या गावाच्या डाव्या पायावर पट्टी मारून तो क्लचवरून खाली उतरवला. त्यांच्या पोटच्या पोरानं हे करावं! घरी आल्यावर एवढंच म्हणाले की चोरून गाडी नेणाऱ्यानं निदान नीट चालवावी. किल्ली आता त्यांच्या शर्टाच्या खिशात असते आणि आंघोळीला जाताना ती बरोबर नेतात.

मी शपथेवर सांगतो, मी नाही. मग कोण? परवा मी हिला आडून आडून विचारलं, तू कधी गाडी नेतेस का. ही आज तिसरा दिवस माझ्याशी फक्त छोटीमार्फत बोलते आहे. अजूनही मला वाटतं मिस्त्रींनी जुनं बेअरिंग घातलं आणि आता बालंट माझ्यावर आणलं. गाडी उघडायचं काम त्यांना देऊ नये, दुसरा कुणीतरी बघावा.

बाबांबद्दल विचारलं होतंस. ठणठणीत आहेत, भांडणात आवाज खणखणीत लागतो. थोडे विसराळू झालेत. सोमवारी बागेतून आत आले ते एकाच चपलेवर. डावी चप्पल बाहेर चिखलात रुतून राहिली होती, आणि हिनं दाखवेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता. मोजा पार भिजलेला. हिचं म्हणणं वय झालं. बाबांचं म्हणणं, चप्पल कुणीतरी मुद्दाम पळवली. घ्या!

तू तरी माझ्यावर विश्वास ठेव.

तुझा,
धाकटा

२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. आज थट्टा नाही.

तुझ्यावर विश्वास ठेवते आहे, म्हणूनच पुढचं लिहिते. पेडलवर भार आला की आवाज थांबतो. बाबा बसले की आवाज थांबतो. या दोन ओळी तूच लिहिल्यास, मी फक्त त्या एकाखाली एक मांडल्या. आणि त्यानंतर तुझी ती चपलेची गंमत वाचली, तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. माणूस चप्पल विसरू शकतो रे, पण भिजलेला मोजा घालून बागेतून घरापर्यंत चालत येईल आणि त्याला ते गार लागणार नाही, हे मला पटत नाही.

बाबांना काही बोलू नकोस. त्यांच्या शेजारी बस, त्यांना गाडी सुरू करू दे, आणि वाकून त्यांचा डावा पाय बघ. तो कुठे आहे ते त्यांना विचार आणि कुठे आहे ते स्वतः बघ. आणि छोटीला या शनिवारी त्या गाडीत बसू देऊ नकोस. काय हवी ती सबब सांग, सर्दीची सांग.

माझा अंदाज चुकला तर सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन. चुकावा असंच वाटतंय.

ताई

४ मार्च

ती. ताईस,

सा. न. तुझा अंदाज चुकला नाही.

शनिवारी सकाळी छोटीला सर्दी झाल्याचं सांगितलं. बाबांना म्हटलं, मला एकदा तुमच्या हातची गाडी ऐकू द्या, माझीच चूक असेल तर कबूल करतो. ते खूश झाले. गाडी सुरू केली, न्यूट्रलला ठेवली आणि माझ्याकडे मिश्किलपणे बघू लागले. कुठे आहे आवाज? खरंच नव्हता.

मी विचारलं, बाबा, तुमचा डावा पाय कुठे आहे? ते वैतागून म्हणाले, कुठे म्हणजे, खाली जमिनीवर, क्लचच्या शेजारी, माझा पाय कुठे असतो ते तू मला शिकवणार का? मी वाकून पाहिलं. पाय पेडलवर होता, अगदी निवांत, पायरीवर ठेवावा तसा. ताई, ते खोटं बोलत नव्हते. मी हात घालून त्यांचा बूट बोटभर उचलला. लगेच खडखड सुरू झाली. आणि बाबांनी बॉनेटकडे पाहिलं, पायाकडे नाही. म्हणाले, बघ, तू गाडीत बसलास की हिचं बिनसतं.

मी तसाच त्यांचा पाय हातात धरून वाकलेला. मग त्यांनी खाली पाहिलं. माझा हात पाहिला. बराच वेळ पाहिला. चावी फिरवून गाडी बंद केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं की हा तू कधी उचललास.

डॉक्टरांना दाखवलं. कमरेच्या मणक्यात नस दाबली गेली आहे. तळवा आणि पोटरी गेल्या हिवाळ्यापासून बधिर होत आली होती. बाबांना वाटत होतं बूट सैल झालेत. दोनदा चांभाराकडे जाऊन आले आणि आपल्याला कुणी फसवतंय असं त्याला सुनावूनही आले. ऑपरेशन लवकर करायचं म्हणतात, नाहीतर पाय कायमचा जाईल. केलं तरी किती परत येईल ते सांगत नाहीत. शनिवारी छोटी त्या सीटवर असती, हा विचार हिच्या आणि माझ्या डोक्यातून जात नाही. आम्ही दोघं आता बोलतो, पण त्या विषयावर नाही.

मी मिस्त्रींकडे जाऊन आलो. संशय घेतल्याचं सांगितलं. ते म्हणाले, मीही तुमचाच घेतला होता, फिटंफाट झाली. त्यांनाही बाबांबद्दल शंका आली नव्हती. त्यांना गाडी बाबांनीच शिकवली आहे.

तू ये. रजा मिळेल तशी ये.

धाकटा

१७ मे

चि. ताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू ऑपरेशनला येऊन गेलीस तेव्हा मी गुंगीत होतो, त्यामुळे तुझ्याशी भांडायचं राहून गेलं ते पत्रातून करतो. आधी मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून माझी गाडी काढून घ्यायचा बेत केला आहे. तू लांबून सूत्रं हलवतेस आणि हा इथे आवाज काढतो. तसं मी सूनबाईला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, तुमच्या दोन्ही मुलांना एवढी अक्कल असती तर बरं झालं असतं. तिचा मुद्दा पटला.

मिस्त्रीनं नवं बेअरिंग बसवलं. मी काठी टेकून गाडीबाहेर उभा राहिलो, दर वेळी पेडलवरचा पाय काढायला लावला आणि नीट ऐकलं. आवाज नाही. किल्ली सूनबाईला दिली आहे. मला चालवायची परवानगी मिळेल असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही विचारत नाही. शेजारच्या सीटवर बसतो. ती वळणावर उशिरा ब्रेक मारते आणि मी सांगितलं की गाणं म्हणते. इतक्या लोकांना शिकवलं, पण भीती काय असते ते या सीटवर बसल्यावर कळलं.

पायाचं सांगायचं तर व्यायामाला एक बाई येतात. डोळे मिटायला लावून तळव्यावर बोट ठेवतात आणि कुठे ठेवलं ते विचारतात. मी बरेच दिवस अंदाजपंचे सांगत होतो. बरोबर आलं की त्या शाबासकी देत, आणि मला संशय येई की ही बाई मला लहान मुलासारखं खेळवते आहे.

काल दुपारी मी डोळे मिटून पडलो होतो. झोपलो नव्हतो, नुसता पडलो होतो. एकदम डाव्या तळव्याला काहीतरी वळवळलं आणि मी मोठ्यानं हसलो. माझं मलाच कळेना का हसलो. उठून पाहिलं तर छोटी पायथ्याशी बसून पेनानं माझ्या तळव्यावर मासा काढत होती. ओरडा बसेल म्हणून तिनं पेन मागे लपवलं. मी तिला सांगितलं की मासा अर्धवट आहे, पुरा कर.

ताई, मला गुदगुल्या झाल्या.

सगळ्यांवर संशय घेणाऱ्या या म्हाताऱ्यावर माया ठेव, आणि पत्राला उशीर करू नकोस.

बाबा