शनिवारचं जेवण

सांगली, गुरुवार, ६ जून १९४६

सुट्टीत दहिवडीला धनगराच्या बिरूची कोळशाची चित्रं पाहिली आणि मीच ती इथल्या स्पर्धेला धाडली. पोरगं पहिलं आलं, आमच्या शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. आज दिवसभर मी ऐटीत होतो.

पण शिष्यवृत्तीत नुसती फी भागते. जेवायला वार लावावे लागले. दारोदार फिरून सहा घरं मिळवली. शनिवार तेवढा राहिला.

संध्याकाळी बिरूला घेऊन त्याचा बाप आला, त्याला हे सांगितलं. तो माझ्याकडं बघत राहिला. ‘शनिवारी आमच्याकडे येऊ दे,’ एवढंच मला म्हणायचं होतं. धनगराचं पोर आमच्या पंक्तीला... आईच्या सोवळ्यात बसायचं नाही, म्हणून गप्प राहिलो. पण आईला विचारलं तरी कुठं?

शेवटी त्यानंच मला सोडवलं. “आवं गुरुजी, शनवार मारुतीचा. उपास धरंल की पोरगं. आमाला सवय हाय.”

आणि मी काय म्हणालो? “चांगली सवय आहे!”

आमच्या घरात शनिवार कोणीच धरत नाही. त्या दिवशी आई थालीपीठं लावते.