न मोडलेली कानस

आबा, परवा नातवाच्या गाडीचा हँडब्रेक बिघडला. आमच्या गल्लीतल्या उतारावर गाडी उभी राहीना. मेकॅनिक घरीच आला. त्यानं दोन सीटांच्या मधलं झाकण उघडलं, पुठ्ठ्याच्या खोक्यातून नवा भाग काढला, जुना कोपऱ्यात फेकला आणि चहा निवायच्या आत हात पुसून मोकळा झाला. मी ओट्यावर बसून बघत होते. नातू म्हणाला, "आजी, एवढं काय बघायलीस?" त्याला काय सांगू? तसल्याच एका खिटीपायी तुमच्या जावयाचा पाय गेला, नोकरी गेली, आणि नाव गेलं ते तर कायमचंच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा आठवायला मला डोळे मिटावे लागतात. तुमचं ते एक वाक्य मात्र न बोलावता येतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते, निजामाचं राज्य होतं. आपल्या गावच्या जहागीरदार सरकारांकडे मोटार होती आणि तिचे सुटे भाग हैदराबादहून यायचे बंद झाले होते. तुम्ही त्या मोटारीचे मिस्त्री आणि हे, म्हणजे तुमचे जावई, तिचे ड्रायव्हर. स्टिअरिंग यांच्या हातात तुम्हीच दिलंत आणि माझा हातही. हँडब्रेकचा दांडा ओढला की खालच्या दातेरी पट्टीत बोटाच्या पेराएवढी एक खिटी अडकते आणि दांडा धरून ठेवते. ती खिटी झिजली होती. दांडा ओढून हात काढला की तो आपला खाली. म्हणून हे मोटारीत एक दगड बाळगायचे आणि थांबतील तिथे चाकाखाली लावायचे. सगळेच ड्रायव्हर लावायचे. तुम्हाला मात्र तो दगड डोळ्यांत खुपायचा. मिस्त्री जिवंत असताना मोटारीला दगड लागतो म्हणजे काय, असं तुमचं म्हणणं.

आई गेल्यापासून तुमचा भाता मीच ओढायची. लग्न झाल्यावरही ओढत होते, घर जवळच होतं. तुमचं स्वयंपाकघर आणि कामाची पडवी यांच्यामध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीतल्या देवळीत देवांच्या शेजारी उस्तादांची कानस. हैदराबादेत ज्यांच्या हाताखाली तुम्ही शिकलात, त्यांनी निघताना दिलेली. दाते पार गुळगुळीत झालेले, घासायच्या कामाची ती कधीच राहिली नव्हती. पण खंडेनवमीला हत्यारं पुजताना पहिलं हळदकुंकू तिला, मग ऐरणीला, मग बाकीच्यांना. लहानपणी एकदा तिच्यावर माझा पाय पडला तर तुम्ही मला दिवसभर जेवू दिलं नव्हतं. तेव्हाही मला वाटलं होतं की या घरात कानशीचं चांगलं चाललंय.

नवी खिटी घडवायला तुम्ही बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीचा, धावेचा, तुकडा घेतलात. मी भाता ओढता ओढता थांबले. मऊ लोखंड ते. लाल करून पाण्यात बुडवलं तरी कडक होत नाही, हे मला कुणी शिकवलं होतं? तुम्हीच.

"आबा, धावंचं लोखंड पानी धरत न्हाई म्हनता ना तुमी? मग त्या जुन्या कानशीचा तुकडा घ्या की. पोलाद हाय ते, लय टिकंल."

तुम्ही सांडशी ऐरणीवर आपटलीत. "उस्तादाची चीज मोडू? हात झडंल माझा! तू भाता वढ. अक्कल शिकवू नको मला."

मी भाता ओढला. खिटी लाल झाली, पाण्यात चुरचुरली, बसवलीही झोकात. सरकार बघायला आले तेव्हा तुम्ही दांडा ओढून दाखवलात आणि तो राहिला की जागेवर. मग सगळ्यांच्या देखत यांचा दगड उचलून नालीत फेकलात. "मी हात लावल्यावर दगड कशाला? मोटार हाय का बैलगाडी?" सरकार खो खो हसले. हे खाली बघत उभे होते. कानापर्यंत लाल झालेले मला अजून दिसतात.

त्यानंतर यांनी दगड ठेवला नाही. सासऱ्याचा शब्द. मी एकदा म्हटलं, "ठेवा की लपवून." तर म्हणाले, "कुनी बघितलं तर आबांची इज्जत जाईल." तुमची इज्जत जपणारा माणूस होता तो, आबा.

पर्वणीला सरकारांच्या घरची मंडळी गंगाखेडला गोदावरीवर स्नानाला गेली. यांनी मोटार घाटाच्या वरच्या उतारावर उभी केली, दांडा वर ओढला आणि बायकांची बोचकी उतरवायला मागे गेले. तेवढ्यात खट्ट वाजलं. मोटार हळूहळू निघाली. खाली पायऱ्यांवर बायका ओलेत्या उभ्या, लेकरं पाण्यात, सरकारांच्या म्हाताऱ्या आई काठी टेकत उतरताहेत. हे धावले. दाराला लोंबकळून यांनी खिडकीतून स्टिअरिंग पिळलं आणि मोटार बाजूच्या दगडी भिंतीवर घातली. मोटार आणि भिंत यांच्या मधे यांचा पाय सापडला. घाटावर कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही.

हाडवैद्यानं पाय बांधून यांना बाजेवर निजवलं होतं. यांची नोकरी ठेवा म्हणून पदर पसरायला मी सरकारांकडे गेले. अंगणात मोटार आणून लावलेली आणि तुम्ही तिच्यात वाकलेले. तुम्ही खिटी काढलीत. मी तुमच्या मागेच उभी होते. तिचं टोक बोटानं दाबलेल्या गुळासारखं चेपलं होतं. तुम्ही वळलात, मला पाहिलंत आणि मूठ मिटलीत.

सरकारांनी विचारलं, "मिस्त्री, काय झालं होतं?"

"काम पक्कं होतं, हुजूर," तुम्ही म्हणालात. "दांडा वढायचाच राह्यला आसंल त्याच्याकडून."

हेच ते वाक्य. ते ऐकून मी ओरडले, सरकारांसमोर, डोक्यावरचा पदर घसरला तरी ओरडले, "सरकार, आबांच्या मुठीत खिटी हाय, ती बघा!" आणि तुम्ही किती शांतपणे हसलात, आबा! "पोरीला नवऱ्याचं दुखायलंय, हुजूर. तिचं मनावर घेऊ नका." सरकारांनी मान डोलावली. कडू घोट मी पुष्कळ गिळले, पण तसला नाही.

घरी येऊन यांना सांगितलं. वाटलं, चिडतील, तुम्हाला शिव्या तरी घालतील. हे आढ्याकडे बघत पडून राहिले. म्हणाले, "त्यांना खोटं पाडून मला कोन मोटार देनार हाय आता?" पुढची सगळी वर्षं परभणीच्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर लंगडत राखण केली. येणारे-जाणारे म्हणायचे, हाच तो, ब्रेक ओढायचा विसरला होता. हे ऐकून घ्यायचे. त्या दसऱ्याला सरकारांनी तुम्हाला शेला दिला, आणि तुम्ही माझ्यासाठी हिरवं लुगडं घेऊन आलात. चांगलं जरीकाठी. उंबऱ्यात ठेवून गेलात. त्याचं मी पोतेरं केलं. वर्षभर त्यानंच चूल सारवली. तुमच्या कानावर गेलं असेलच, कारण पुन्हा तुम्ही काही आणलं नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा घर मीच आवरलं. ती चेपलेली खिटी डबे, फळ्या, भात्याची घडी, सगळीकडे शोधली. मिळाली नाही. कुठे टाकलीत? नदीत? मिळाली ती कानस. ती मी विहिरीत टाकणार होते, पण यांनी हातातून काढून घेतली. "तिनं काय केलंय?" म्हणाले. दर खंडेनवमीला लंगडत उठून तिला हळदकुंकू वाहायचे. मला संताप यायचा. मी त्या दिवशी मुद्दाम शेजारी जाऊन बसायची. आता हेही नाहीत.

परवा मेकॅनिक गेल्यावर घरात कुणी नव्हतं. मी ट्रंकेतून कानस काढली, अंगणातल्या पाट्यावर आडवी ठेवली आणि हातोडा घेतला. म्हटलं, तुम्हाला जे जमलं नाही ते निदान लेकीनं करावं. जुनं पोलाद ते, काचेसारखं. एक घाव पुरे होता. हातोडा वर नेला आणि कानशीच्या मुठीपाशी यांच्या बोटानं लावलेलं कुंकू दिसलं, फटीत बसून काळं पडलेलं.

हे लिहायचं होतं ते तुम्हाला शिव्या द्यायला, म्हणून नातीजवळ शिकलेली अक्षरं जुळवत बसले. शिव्या देऊन झाल्या. एकही मागे घेत नाही. कागद ट्रंकेत तळाशी जाईल, आणि त्याच्यावर कानस. अख्खी. मोडता आली नाही मला, आबा.