पेट्रोल गाळायचं कापड

बाबा, तुमची फटफटी चालू झाली. एवढंच सांगायचं होतं, तं हे पत्र इथंच संपाले पायजे. पण संपत नाई.

तुम्ही गेल्यापासून ती गोठ्यात होती, कडब्याच्या आड. टाकीवर कोंबड्या बसत. सीटमधला काथ्या उंदरांनी नेला. मी कॉलेज करून घरी आलो, नोकरीत मन नाई, लिहिलेलं कोणी छापत नाई, अन् एक दिवस जाम गावचा एक ट्रकवाला आईले विचारून गेला, लोखंडाच्या भावात देता काय म्हणून. आई म्हणे, "पोळा होऊ दे. तवरीक यानं चालू केली तं ठेवू. नाई तं घेऊन जाजो." मले तिनं विचारलंही नोतं. त्याच्याआधी मी साधा पाना हातात धरला नोता. तरी हो म्हटलं. तुमची आठवण येत होती म्हणून, असं लिहिलं असतं तं बरं दिसलं असतं. तसं काही नोतं. समोर एक बंद वस्तू होती अन् माह्याजवळ रिकामा उन्हाळा होता.

मामा संध्याकाळी कापसाच्या जिनातून सुटला की अंगावरच्या सरकीच्या वासासकट येऊन उलट्या घमेल्यावर बसे. "लेका, पाना उलटा धरला तुवा. कविता नोहे ते." मी नट खोलत जाई, राकेलात बुडवत जाई, कोणता कुठला ते विसरत जाई. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उन्हात वाळवला. लोहाराकडून हँडल खाली वाकवून आणलं, मागचा मडगार्ड अर्धा कापला, सीट बुटकी केली. ती तुमच्यासारखी दिसू नये, माह्यासारखी दिसावी. मी कसा दिसतो ते मले माहीत नोतं, ते सोडा. मग मागचं कॅरिअर काढलं, ज्याच्यावर तुम्ही गावोगावच्या सुताच्या लड्या बांधून आणत होते. आई चुलीजवळून उठून दारात आली.

"कॅरिअर काऊन काढलं?"

"वजन होते."

"सारं काम तं त्याच्यावरच होतं त्यायचं."

"कायचं काम, बाई," मामा हसला. "अंगावर खादी अन् बुडाखाली विलायत!"

आई हसली नाई. हा टोमणा तुमाले सारा गाव मारे. तुमचं उत्तर मले पाठ आहे: सूत गावोगाव आहे अन् पाय दोनच.

तुमचा एक दिवस मले नीट दिसतो. तुम्ही रोहण्याहून आलेले, धोतरावर धूळ, अंगणात बसून टाकीत पेट्रोल ओतून राह्यले. नरसाळ्यावर पांढरं पातळ कापड. मी लहान आहे, जवळ येऊन त्या कापडाले बोट लावतो. तुम्ही कधी ओरडत नाई, पण तेव्हा ओरडता. "हात लावू नको त्याले!" एवढं काय आहे त्याच्यात, असं मले वाटते. मी गोठ्यात जाऊन बसतो. तुम्ही बोलवायले येत नाई.

म्हणून मी तुमच्यासारखंच केलं. डब्यातल्या पेट्रोलात गंज येतो, गाळल्याशिवाय ओतता येत नाई. तुमच्या पेटीतून तुमचा पंचा काढला, तुमच्याच हातच्या सुताचा, अन् नरसाळ्यावर ताणला. गाडी चालू झाली. पवनारच्या रस्त्याले लागलो अन् खोकलून बंद. ढकलत घरी. कार्बोरेटर खोललं तं आतल्या जेटचं, पेट्रोल जाते त्या नळीचं, छिद्र बुजलेलं. ते छिद्र असते केसाएवढं. साफ केलं, पुन्हा गाळून ओतलं, पुन्हा तिथंच बंद. असं होत राह्यलं. मामा म्हणे, "म्हातारी हाय, दम घेते." तिकडं लोक बैलांच्या शिंगांना रंग लावायच्या तयारीत, अन् ट्रकवाल्याचा निरोप आलेला.

एका दुपारी जेटमधून निघालेली घाण तळहातावर घेऊन मी दारात बसलो होतो. आई चरखा सोडून आली. माह्या हातावरचं ते तिनं चिमटीत घेतलं, चोळलं.

"कापूस हाय हा. कायच्यातून गाळतं तू पेट्रोल?"

मी दोरीवरच्या पंच्याकडं बोट केलं.

"खादीतून? तंतू सुटतात तिचे. त्यायनं नाई गाळलं कधी खादीतून." ती आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला, अन् हातभर कापड घेऊन आली. मलमल. एका बाजूले मोरपंखी काठ. "माह्या लग्नाच्या लुगड्यातलं हाय."

विलायती कपड्याची होळी झाली तेव्हा आईनं ते लुगडं आपल्या हातानं तुमच्याजवळ दिलतं, हे मले माहीत होतं. तुम्ही ते अभिमानानं सांगत होते. त्यातला हा तुकडा तुम्ही आधीच फाडून ठेवलता, हे माहीत नोतं.

"तू काही म्हटलं नाई?"

"पहिल्यांदा नरसाळ्यावर दिसला तेव्हा तोंडावर आलतं. मग म्हटलं, यंत्राले लागते." ती काठावरून बोट फिरवत होती. "त्या होळीच्या दिवशी मी मागतला असता काठापुरता, तं तिच्यात टाकला असता त्यायनं." तुम्ही गेल्यावर सीटखालच्या पिशवीतून तिनं तो काढून घेतला होता. किती धुतला तरी वास गेला नाई, म्हणे. मग तो माह्या हातात दिला. "घे. गाळ. नाई तं जाईन गाडी."

गाळलं. गाडी पवनारच्या पुलापर्यंत गेली, धाम नदी ओलांडली, परत आली अन् दारात उभी राहूनही फटफटत राह्यली. आई उंबऱ्यावर उभी.

"बस मागं," मी म्हटलं.

"मले कुठं जायचं हाय," ती म्हणाली. तरी आत गेली नाई. ऐकत राह्यली. मग, "बंद कर आता, भाजी लागते खाली."

आता टाकी मोरपंखी रंगवतो आहे. रंग बरोबर जमत नाई, काठ समोर धरून पाहावं लागते, अन् तो दर वेळी आईले मागावं लागते. ती देते, पाहून झालं की परत घेऊन पेटीत ठेवते. हे पत्र मी सीटखालच्या पिशवीत ठेवणार होतो. नाई ठेवत. ती जागा त्या तुकड्याची आहे.

अन् एक. गाडी दारात चालू होती तेव्हा मले काहीच वाटलं नाई, बाबा. तुमच्यावर राग नाई, माया नाई, काही नाई. पण आई माह्याकडं पाहून राह्यली होती, म्हणून मी बाहीनं डोळे पुसले. ती म्हणे, "डोळ्यात पेट्रोल गेलं काय?" मी हो म्हटलं. डोळे कोरडेच होते.