पेवावरचा चौथा खांब

१२ एप्रिल. पुसेगावजवळची वाडी.
अंगणवाडीचं काम पुन्हा माझ्याच गळ्यात. आधीची खोलीही मीच बांधली होती. पावसात काळी माती फुगली, भिंत फाटली. तेव्हापासून लेकरं पत्र्याखाली बसतात. आता पायाला पेचाचे लोखंडी खांब. टोकाला स्क्रूसारखं पातं, मशीननं फिरवत जमिनीत घालायचे. पुन्हा भेग पडली तर सुशीलाताईंना (सेविका) तोंड दाखवायची सोय नाही.

१३ एप्रिल.
तीन कोपरे झाले. उन्हानं काळी दगड झालीय, मशीनचा जोर दाखवणाऱ्या मीटरचा काटा वरच चढतो. भुललो नाही. पावसात हीच माती लोणी. पातं मुरमात रुतलं तरच भार पेलणार. बारा फुटांवर मुरूम लागला, मशीन कण्हायला लागली. झकास!
चौथा कोपरा पांढरीत, म्हणजे जुन्या गावठाणाच्या मातीत. ही फुगत नाही, म्हणून सोपा धरला. बारा फूट गेला, काटा उठेना. मशीनवाला म्हणाला, "साहेब, लांबी बराबर झाली, जाऊ द्या." ऊन मी म्हणत होतं. जाऊ दिलं.

१४ एप्रिल.
लाज वाटते लिहायला, पण...
सकाळी चहा घेऊन सु.ताईंच्या सासू आल्या, रुक्माआजी. चौथा खांब बघून म्हणाल्या, "तिथं काहून रोवला? तिथं आमचं ज्वारीचं पेव व्हतं." पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा.
"बुजवलं असेल ना, आजी?"
"बुजवलं म्हंजे? राख न् केर लोटला."
म्हणजे पातं मुरमात नाही, भुसभुशीत भरावात होतं. खांब उलटा फिरवून बाहेर काढला. पात्याला कुजका कडबा. आजींनी चिमटीत घेऊन हुंगला.
जोड लावून पुन्हा घातला. पेवाचा तळ ओलांडून अठरा फुटांवर मुरूम. काटा बाकी तिघांच्या बरोबरीला आला. आजींच्या पाया पडलो. "ऱ्हाऊ दे रे, चहा गार होऊन राहिला." मीटरनं काल सांगितलंच होतं, मी ऐकलं नाही. आजींचे उपकार फिटायचे नाहीत.

९ ऑगस्ट.
लेकरं नव्या खोलीत. बाहेर माती फुगलीय, पण खोलीखाली वीतभर मोकळं सोडलंय, फुगू दे. चौथ्या कोपऱ्यात भिंतीवर काचेची पट्टी चिकटवली. भिंत हलली तर तडकेल. अजून शाबूत. खरी परीक्षा उन्हाळ्यात, माती आवळल्यावर.
निघताना आजी दारात. "पयले तिथं ज्वारी ठेवत व्हतो, आता लेकरं ठेवली. येऊन बघत जा."
व्हय म्हणालो. काचेवरून पुन्हा एकदा बोट फिरवून आलो.