समोरून लाल दिसता कामा नये

२ सप्टेंबर ६६

जमलं एकदाचं. इमरतच्या जीपचं बॉनेट उचललं की हॉर्न ओरडते अन् समोरच्या जाळीवरचा लाल दिवा लुकलुकते. दिवा लुकलुकवायले एक पत्ती लागते, गरम झाली की वाकणारी, थंड झाली की सरळ होणारी. ती बाबांच्या इस्त्रीतून काढली. रिटायर झाले तेव्हा कचेरीतल्या लोकांनी दिलेली इस्त्री, जीव आहे त्यांचा तिच्यावर. पत्तीच्या जागी आतून तार जोडून दिली, इस्त्री चालते. कळायचं नाही.

शांताले कौतुकानं दाखवलं तर म्हणते, ‘अन् चोर आलाच नाही तर?’ बायकोनं असं विचारू नये.

४ सप्टेंबर

कळलं. बाबांच्या सदऱ्याची कॉलर जळाली. पत्ती नाही म्हणून इस्त्री तापतच राह्यली. बाबांनी सदरा घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. जन्म हेडक्लार्कीत गेला, तोंडानं रागवायची सवय नाही. पुढं ठेवायचं अन् निघून जायचं.

खरा राग रजेवर आहे. सरकारी वर्कशॉपातली पक्की नोकरी, अन् मी बिनपगारी रजा टाकून घरी तारा जोडून राह्यलो. ३० ऑक्टोबरले रजा संपते. तोवर ह्या यंत्राचं काम हाती आलं तर राजीनामा, नाही तर पुन्हा खाकी शर्ट. रजा वाढणार नाही, वर्कशॉपच्या साहेबानं साफ सांगतलं.

वाढवायची कोणाले आहे.

१० सप्टें.

इमरतसंगं तिरोडीले गेलतो. तो शेठजीचा ड्रायव्हर. शेठजीकडं मँगनीज वाहायचा ठेका, जीपा खाणीजवळ उभ्या राहतात अन् बॅटऱ्या चोरीले जातात. इमरत तर रोज बॅटरी काढून घरी नेते अन् खाटेखाली ठेवून झोपते. बायको त्याची म्हणते, मी माहेरी जातो, तू हिच्याशीच संसार कर.

शेठजीनं स्वतः बॉनेट उचललं. हॉर्न वाजला तसे मागं सरकले, मग खूप हसले. ‘बढ़िया है. पहले इन्स्पेक्टर साहब से पास करवाओ, फिर मेरी सब गाड़ियों में लगाओ.’

सब गाड़ियों में. येता येता इमरतले दुकानाची जागा पण दाखवून टाकली, गोंदिया रोडवरची. पास न व्हायले झालं काय.

२० सप्टें.

इन्स्पेक्टरसाहेब (एवढं रोज कोण लिहील, इ.सा.) महिन्यातून एकदा येतात, मैदानात गाड्या उभ्या करून तपासतात. माझा नंबर आला. बॉनेटले हातही लावला नाही.

‘आगे लाल बत्ती? उतारो.’

म्हटलं साहेब, हा चोरासाठी आहे. तर म्हणे, ‘नियम चोर के लिए नहीं है. सामने से जो आ रहा है, उसके लिए है.’

लाल मागं असते. अंधारात समोरून लाल दिसलं तर येणाऱ्याले वाटते गाडीची पाठ आहे, पुढं चालली आहे, अन् तो बेधडक येते. तर: समोरून लाल दिसता कामा नये. चालत्या गाडीत वळायच्या इशाऱ्याशिवाय दुसरं काही लुकलुकता कामा नये.

आधी डोकं फिरलं. घरी येता येता पटलं. पटलं तर पटलं, त्यात लाजायचं काय.

२७ सप्टें.

पांढऱ्या काचेचा दिवा गोंदियाहून आणला. येताना राज्याच्या हद्दीवर, राजेगावच्या नाक्यावर शिपायानं पिशवी उघडायले लावली. ‘ये क्या है?’ म्हटलं, चोर पकडायचं यंत्र. त्यानं पिशवी आपल्या हातानं बंद करून दिली.

दिवा बसवला. वर आणखी एक केलं: चावी फिरवली की यंत्र आपोआप बंद. म्हणजे चालत्या गाडीत लुकलुकायचा प्रश्नच मिटला. आपल्याले डोकं आहे हे कधीकधी कागदावर लिहून ठेवावं, घरात कोणी म्हणत नाही.

९ ऑक्टो.

जेवताना बाबा: ‘रजा किती राह्यली?’

म्हटलं, पुरेशी. बाबांनी भात कालवला. विषय संपला.

दसरा

हत्यारं पुजली. पाने, पकडी, ड्रिल. इमरत जीप धुऊन घेऊन आला. शांतानं चाकांले शेंदूर लावला, बॉनेटले लावला. मीच म्हटलं, ‘दिव्याले पण लाव, सगळं त्याच्याच भरवशावर आहे.’ तिनं तेलात कालवलेल्या शेंदुराचं चांगलं मोठं स्वस्तिक काढलं, अर्धी काच दिसेना. हार, नारळ, सगळं रीतसर.

बाबा बाहेर आले, आपट्याचं पान हातात दिलं, ‘सोनं घे’ म्हणाले अन् आत गेले. डोळे भरून आले होते माझे, उगीच. दीड महिन्यात रजेशिवाय दुसरं बोलले ते हेच पहिलं.

बुधवारी तपासणी. ह्या खेपेले काही राह्यलं नाही.

२६ ऑक्टो.

नाक कापलं.

हार काढला होता, स्वस्तिक तसंच राह्यलं. मैदानात सगळ्याच गाड्या शेंदुरानं माखलेल्या, ते डोळ्याले खटकतच नाही. इ.सा.नी बॉनेट उचललं. हॉर्न झकास. दिवा लागला तो लालभडक. लागला, विझला, पुन्हा लालभडक. सारं मैदान हसलं, ट्रकवाल्यांपासून चहावाल्यापर्यंत.

मी घाईघाईनं रुमालानं पुसायले गेलो. इमरत म्हणते, ‘पुसू नका जी भाऊ, पूजेचं आहे.’ तेलाचा शेंदूर तो, पुसला तसा आणखी पसरला. इ.सा. शांतपणे म्हणतात, ‘पहले आधा लाल था.’

रागावले नाही, हे खरं. खाली वाकून चावीची जोडणी पाह्यली, मान हलवली. मग म्हणाले, ‘आज पोंछ दोगे. दशहरा तो हर साल आएगा.’ आता लालबर्ऱ्याले जाणार, धानाच्या मिलच्या ट्रका पाहायले. शुक्रवारी इथूनच परत, पाहिजे तर तेव्हा दाखव म्हणाले.

शुक्रवार. अन् रविवारी रजा खलास.

२७ ऑक्टो.

काल जेवलो नाही. शांतावर खेकसलो. ती म्हणे, ‘शेंदूर मी लावला, पण लाव म्हणणारे कोण?’ खरं आहे.

सकाळी डोकं थंड झाल्यावर तिलेच विचारलं, समजा ड्रायव्हर लोकांले सांगून ठेवलं, दिव्याले लावायचं नाही म्हणून, तर? ती पोळी लाटत लाटत, माझ्याकडं न पाहता: ‘दिवा आहे तोवर कोणीतरी पुजणारच.’

दिवा आहे तोवर. मग दिवा पाहिजेच कायले?

जीपले हेडलाइट आहेत. कंपनीनं लावलेले, पांढरे, पास झालेले. त्यांच्यावर शेंदूर लागला तर रस्ता दिसत नाही, म्हणून ड्रायव्हर स्वतःच घासूनपुसून काढते, कोणी सांगावं लागत नाही. बॉनेट उचललं की हॉर्न अन् दोन्ही हेडलाइट, बस. लुकलुकणं नाही, नुसता लख्ख उजेड. हेडलाइटले करंट जास्त लागते, बॉनेटखालचं माझं बटण जळलं असतं, म्हणून मध्ये रिले टाकला, जास्त करंट झेलणारं स्विच. दुपारपर्यंत तयार. जाळीवरचा दिवा काढला, भोक बुजवलं. एवढं सोपं होतं हे, अन् मी दोन महिने काचेचे रंग बदलून राह्यलो होतो. स्वतःवरच हसू आलं.

लुकलुकणं गेलं म्हणजे पत्तीचंही काम संपलं. पत्तीवर तापवायले गुंडाळलेली तार उलगडली, पत्ती साफ केली, इस्त्रीतली जोडतार काढून तिथं पुन्हा बसवली. बाबा दारातून पाहून राह्यले होते.

‘आता जळायची नाही ना?’

‘नाही बाबा.’

२८ ऑक्टो.

इ.सा. जीपभोवती पूर्ण फिरले. मागून, पुढून, खालून.

‘बत्ती कहाँ है?’

‘नाही जी साहेब. जे आहे ते कंपनीचंच.’

बॉनेट उचललं. हॉर्न, हेडलाइट. समोर उभा असलेला ट्रकवाला डोळ्यांवर हात घेऊन बाजूले झाला. इ.सा.नी बॉनेट बंद केलं. मग म्हणाले, ‘मना करने लायक कुछ है नहीं. लेकिन पास करूँ तो क्या लिखकर पास करूँ? बत्ती तो तुमने लगाई नहीं.’ वरच्या ऑफिसले विचारतो म्हणाले. उत्तर कधी येईल? ‘आएगा.’

जाता जाता पुन्हा एकदा बॉनेट उचलून पाह्यलं. तपासणीसाठी नाही, मजेसाठी. माणूस चांगला आहे.

२९ ऑक्टो.

इमरत शेठजीचा निरोप घेऊन आला: ‘मना तो नहीं किया ना? सोमवार सुबह तिरोडी आओ, बात करेंगे.’ सोमवारीच, मंगळवारी शेठजी बाहेरगावी. इमरत जीप घेऊन सकाळीच येईल.

सोमवारी सकाळीच वर्कशॉपात हजर व्हायचं आहे. नाही झालो तर नोकरी गेली, वर अर्जबिर्ज काही चालणार नाही. अन् ‘बात करेंगे’ म्हणजे हौ पण नाही अन् नाही पण नाही.

यंत्र चांगलं आहे. हे मले ठाऊक आहे, इ.सा.ले ठाऊक आहे, त्या ट्रकवाल्याले तर चांगलंच ठाऊक आहे. इमरत काल पहिल्यांदा बॅटरी गाडीतच ठेवून झोपला.

३० ऑक्टो., रविवार

दुपारी बाबांनी इस्त्री काढली. तापायले लावली, ओलं बोट लावून पाह्यलं. थोड्या वेळानं आतून टिक आवाज आला, इस्त्री आपली आपण बंद झाली. बाबांनी माझ्याकडं पाह्यलं. मी पण पाह्यलं.

मग माझी ट्रंक उघडून दोन शर्ट काढले, वर्कशॉपचा खाकी अन् बाहेर जायचा पांढरा.

‘उद्या कोणता घालतो?’

माझी मर्जी पहिल्यांदाच विचारली त्यांनी. शांता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राह्यली.

म्हटलं, ‘पांढरा आधी करा.’

बाबांनी पांढरा केला. कॉलर दोनदा केली. खुंटीले टांगला, लांबून पाह्यला. मग काही न विचारता खाकी घेतला, त्यालेही तेवढंच पाणी मारलं, अन् करू लागले.